लूमच्या आवाजातली झोप

"ही भूक न्हाई मॅडम, हाव हाय," लावण्याचे वडील म्हणाले. "रात्री उठून डबे उघडते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दिसंल ते खाते. विचारलं तर रडते."

लावण्या खाली मान घालून बसली होती. वय पंधरा, इयत्ता दहावी. मानेवर मखमलीसारखा काळपट पट्टा होता. मळ समजून आई तो रोज घासत असे. शरीरात इन्सुलिन भरपूर असूनही त्याचा परिणाम पुरेसा होत नसेल, तर त्वचेवर असा पट्टा उमटतो. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. वडिलांना मधुमेह होताच. त्यांच्या पायाचे एक बोट काढावे लागले होते. मुलीवर ओरडताना त्यांची नजर सारखी स्वतःच्या चपलेकडे जात होती.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी किशोरवयीन मुलांना तपासते. लावण्याला मी आहाराचा तक्ता दिला होता, रोज चालायला सांगितले होते. दिवसभर ती सारे काटेकोर पाळत असे. रात्री तक्ता मोडत असे.

"पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर गोळ्या सुरू करा," आमचे विभागप्रमुख म्हणाले.

"सर, त्याआधी तिची रात्र कशी जाते ते विचारते."

लावण्याचे घर शहराच्या पूर्व भागात. पुढच्या खोलीत टॉवेल विणणारे दोन यंत्रमाग. तिकडे सगळे त्यांना लूम म्हणतात. मी आईला विचारले, "ही झोपते कधी?"

"लूम चालू असताना अभ्यास कसा व्हणार मॅडम? डोकं धडधडतंय की. अकराला लूम बंद झाले की बसते. एक-दीड वाजतो. पहाटे पाचला मीच उठवते." आईच्या स्वरात अभिमान होता. "दहावी हाय."

इथे थोडे शास्त्र सांगते. आपली भूक अनेक संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, हाती असते. त्यांतली दोन महत्त्वाची. रिकाम्या जठरातून घ्रेलिन निघते; ते मेंदूला सांगते, खा. चरबीच्या पेशींतून लेप्टिन निघते; ते सांगते, पुरे. झोप सतत अपुरी पडली की पहिल्याचा आवाज चढू शकतो, दुसऱ्याचा दबू शकतो. इन्सुलिनचे कामही मंदावते. दीड किलोचा मेंदू, त्यात एवढीशी जागा, आणि तिथे या निरोपांचा अखंड हिशेब चालतो. इतकी वर्षे शिकले, शिकवले, तरी हे सांगताना मी अजूनही क्षणभर थांबते.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजे ही खोटं बोलत नव्हती?"

"नाही. तिला खरोखर भूक लागत होती."

ते मुलीकडे न बघता म्हणाले, "मग आदी सांगायचं की, बाळा."

"सांगितलं होतं पप्पा."

झोप वाढवायची हे ठरले. लूमच्या धडधडाटात कोण झोपणार, म्हणून मी तिला काही दिवस मावशीकडे पाठवायचे सुचवले. मावशीचे घर गावाबाहेरच्या शांत कॉलनीत होते. विभागप्रमुखांनी विचारले, "तुम्ही डॉक्टर आहात की होस्टेलच्या रेक्टर?"

आठवड्याने लावण्या आली ती डोळे खोल गेलेली. भूक आणखी वाढली होती.

"झोपच येत न्हाई मॅडम. तिथं लई शांत हाय. पंख्याचा आवाज येतो, कुत्र्याचा येतो, मावशीनं कूस बदलली तरी येतो."

आई हसू लागली. "हिचा पाळणा लूमच्या शेजारी होता. लूम थांबलं की ही जागी. आमच्या गल्लीत दुपारची लाईट गेली की सगळी बारकी पोरं एकदम रडायला लागतात."

मी पेन खाली ठेवले. ज्या आवाजात मी दोन मिनिटे उभी राहू शकले नसते, तो या मुलीच्या मेंदूने जन्मापासून अंगाईसारखा स्वीकारला होता. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी वाचले नव्हते.

मग तिला घरी परत आणून वेळापत्रक उलटे केले. लूम चालू असतानाच साडेनऊला झोपायचे, म्हणजे अकराला ते थांबेपर्यंत झोप गाढ लागलेली असेल. पहाटे पाचला उठायचे. तेव्हा लूम बंद असतात. अभ्यास तेव्हा करायचा. आईला हे पटेना. "साडेनऊला झोपलेली पोरगी पास व्हती व्हय?"

"मम्मी, पहाटेचं वाचलेलं ध्यानात ऱ्हातं की," लावण्या म्हणाली. आईने महिनाभर करून बघायचे कबूल केले.

महिन्याभराने आईच तक्रार घेऊन आली. "काल हिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. पोट भरलं म्हणते. बरं हाय ना सगळं?"

कुणी रागावले नव्हते, कुणी डबे लपवले नव्हते. आत कुठेतरी 'पुरे' हा निरोप पोहोचला होता. मला त्या अर्ध्या भाकरीचे जेवढे अप्रूप वाटले, तेवढे अनेक रिपोर्टांचे वाटलेले नाही.

पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली. उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे, पण अलीकडे. मानेचा पट्टा अजून आहे. तो सावकाश जाईल. एका मुलीवरून नियम बनत नाही, आणि आहार व चालणेही चालू होतेच, हे मी विभागप्रमुखांना प्रामाणिकपणे सांगितले. गोळ्या मात्र सुरू कराव्या लागल्या नाहीत.

आता मी आहाराचा तक्ता लिहिण्याआधी मूल कधी झोपते ते विचारते. कुठे झोपावे, हे मात्र सांगत नाही.