बोलता येईल एवढंच पळायचं

आज सकाळी मी पळाले. कॅनॉलच्या रस्त्यानं, पुलापासून पुढच्या बाभळीपर्यंत... तेही अगदी हळू. पण पळाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी शिरूर तालुक्यातली, घोड नदीकाठच्या गावातली. पोलीस भरतीसाठी दौंडला रूम घेऊन राहत होते. पहाटे ग्राऊंड, दिवसभर अभ्यास.

गेल्या उन्हाळ्यात माझं वजन भराभर उतरायला लागलं. सगळ्यांनी कौतुक केलं... पोरगी मेहनत घेतीये, आता हिला कोण अडवतंय! मीही आरशात बघून खूश व्हायचे.

मग गोळाफेकीच्या वेळी हात थरथरायला लागले. ग्राऊंड घेणाऱ्या सरांना वाटलं मी घाबरते, मला वाटलं प्रॅक्टिस कमी पडतेय. म्हणून मी संध्याकाळचंही पळणं सुरू केलं. छातीतली धडधड थांबायचीच नाही, जिना चढताना मांड्यांत जीव नसायचा... आणि भूक अशी, की स्वतःचा डबा संपवून मैत्रिणीच्या डब्याकडे बघायचे.

एकदा खोकला झाला म्हणून तिथल्या एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी मनगट धरलं आणि विचारलं, "पळत आलीस का?" अहो, मी तर कधीची बाहेर बाकड्यावर बसून होते!

रक्त तपासलं, थायरॉईड वाढलेला निघाला. आमच्याकडे थायरॉईड म्हणजे अंग सुटणार, एवढंच ठाऊक... तो माणसाला असा वाळवतोही, हे मला माहीतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुझं हृदय बसल्या जागी पळतंय, त्याला अजून पळवलंस तर ठोके बिघडतील. थायरॉईड आटोक्यात येईपर्यंत पळणं बंद.

आणि ग्राऊंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, तोंडावर आलेली. मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले.

रूम सोडून गावी आले. गोळ्या सुरू झाल्या, सुरुवातीला नुसता आराम. मग मॅडमनी चालायला परवानगी दिली... सपाट रस्त्यावर, ऊन चढायच्या आत. धडधडीसाठी ठोके कमी करणारी वेगळी गोळी चालू होती, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबायचं नाही, असं बजावलं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं, आणि छातीत धडधडलं किंवा गरगरलं तर सरळ घर गाठून त्यांना फोन करायचा.

आता बोलणार कोणाशी? सोबत यायला फक्त आप्पा, माझे वडील. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आप्पांनीही तरुणपणी राखली. माणसांपेक्षा मेंढरांशीच जास्त बोललेला माणूस हा! माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "जेवली का?" आणि "दार लाव."

पण मॅडमची अट त्यांनी फारच मनावर घेतली. थोडं चाललं की म्हणायचे, "बोल." काय बोलू, कपाळ? मग मी लेखी परीक्षेचं जीके म्हणायला लागले... नद्या, घाट, जिल्हे. शब्द अडखळला की आप्पा थांबायचे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून लोकांच्या उसाकडे टक लावून बघत राहायचे.

आणि माझ्या ग्राऊंडचा दिवस आला. मैत्रिणी पहाटेच गेल्या होत्या, ग्रुपवर त्यांचे फोटो पडले. मी फोन घरीच ठेवून चालायला निघाले. आप्पा सवयीनं म्हणाले, "बोल"... आणि मला शब्दच फुटेना.

"दम लागला का गं?"

मी मानेनंच नाही म्हटलं. दम नव्हता लागला.

आप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "आज तू नगं बोलू. मी बोलतो."

आणि आप्पा खरंच बोलायला लागले. अडखळत, आठवून आठवून... मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते, इथं ऊस नव्हता तेव्हा सगळं कसं उघडं माळरान होतं ते. त्यांचा एक कुत्रा होता म्हणे, तो आजारी पडला तेव्हा त्याला घोड्यावर बसवून नेला होता. एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

घर जवळ आल्यावर एकदम थांबले. "सुट्टीला यायचीस तवा झोपेत बी धाप लागायची तुला. मी वट्यावर बसून ऐकायचो. वाटायचं, पोरगी हातची जाती का काय... भरतीचं काय, पुन्यांदा येईल." आणि तोंड फिरवून पायातली वहाण झटकत बसले. मी रस्त्यातच त्यांचा हात धरला आणि पोटभर रडून घेतलं.

आता रिपोर्ट नॉर्मलला आलेत. गोळ्या चालूच आहेत, तपासण्याही. मॅडमनी थोडं चाल, थोडं हळू पळ, असं सांगितलंय... आधीसारखं पळायला वेळ लागेल, घाई करायची नाही. मी ऐकते. तुमच्या घरातल्या कुणाचं वजन असंच आपोआप उतरत असेल, तर नुसतं कौतुक करू नका, एकदा डॉक्टरला दाखवा.

तर आज सकाळी. आप्पांच्या गुडघ्यांना पळणं जमत नाही, म्हणून ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि मी एकटीच निघाले. निम्म्या वाटेत गेले असेन, तोच मागून हाक आली, "बोल!" एवढ्या मोठ्यानं, की शेतात खुरपणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

मी पळता पळताच ओरडले, "आप्पा, मी बरी हाय, मला दम न्हाई लागला!"

अख्खं वाक्य. मध्ये कुठंही तुटलं नाही.