तोफेपासून लांब जाऊ नका

“कॉम्बॅट स्ट्रेस रिअॅक्शन,” फील्ड हॉस्पिटलच्या तंबूत डॉक्टर मेजरसाहेब म्हणाले. मग सोपं करून सांगितलं. लढाईचा ताण अंगात साचतो, झोप उडते आणि एका क्षणी हात ऐकेनासे होतात. “हे वेड नाही, भित्रेपणाही नाही. जवान यातून बरे होतात. तुम्हीही व्हाल.”

सीमेवर सहा दिवस आमची तोफ चालू होती. गोळे उचलून देणं माझं काम. सातव्या सकाळी गोळा छातीशी धरून मी नुसता उभा राहिलो. तो तोफेत घालवेना, खालीही ठेववेना. हवालदारसाहेबांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. त्याआधी दोन दिवस हात थरथरत होते आणि मी थंडीचं निमित्त सांगत होतो. हा शहाणपणा तुम्ही करू नका. लगेच सांगा.

मी डॉक्टरांना म्हटलं, साहेब, घरी पाठवा. त्यांनी साफ नकार दिला. चार दिवस इथंच, तोफांचा आवाज येतो तिथंच राहायचं. झोप, गरम जेवण, अंघोळ, रोज थोडं बोलणं. अंगावर वर्दीच. मला भयंकर राग आला.

नवी मुंबईत खांदेश्वरला घरी फोन लावला. आई रडत म्हणाली, “ये बाबा घरला.” मला तेच ऐकायचं होतं. तेवढ्यात आबांनी, माझ्या वडिलांनी, फोन घेतला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, जन्मभर पोती वाहिलेले.

“डाक्टर बराबर बोलतोय,” आबा म्हणाले. “टोळीत कुनाची पाठ धरली तर आमी त्याला गावाला धाडत न्हाई. तितंच बसवतो, पोत्यांची तोंडं शिवायला. गावाला गेलेला गडी परत वझ्याला हात लावत न्हाई. भ्याव बसतं.”

मग मी हुज्जत घातली नाही. दोन दिवस मेल्यासारखा झोपलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी औषधांच्या पेट्या उचलायला लावल्या. पाचव्या दिवशी तोफेवर परतलो. हात थरथरले, पण गोळा आत गेला. हवालदारसाहेब एवढंच म्हणाले, “पुढचा.” त्या एका शब्दाचे उपकार मी विसरणार नाही.

लढाई थांबल्यावर सुट्टी मिळाली, घरी आलो. एका दुपारी आबा मार्केटातून आले, शेजारी टेकले.

“झोप लागती का रं?”

जन्मात त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं.

“रोज न्हाई, आबा.”

“मग आत्ता पड. मी बसतो हितं.”