वरच्या खोलीतली बुरशी

आमच्या सासूबाईंचं भाडेकरूंविषयी एक पक्कं मत होतं. नळ गळतो म्हणून येणारा भाडेकरू खरं बोलतो, शेजाऱ्यांचा आवाज होतो म्हणून येणारा निम्मं खरं बोलतो, आणि भिंतीला बुरशी आली म्हणून येणारा हमखास खिडक्या लावून बसणारा असतो. "माझ्या भिंतीत दोष नाही," हे त्या इतक्या ठसक्यात सांगत, की समोरच्याला बुरशी आपल्याच अंगातून निघाली की काय अशी शंका यावी. घर सासऱ्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. ते गेल्यावर वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचं ठरलं, आणि भाडेकरूंची सगळी उस्तवार सासूबाईंनी आपल्याकडे घेतली. त्यात मुलगा नको, सून नको, दलाल तर नकोच नको.

तक्रार आली की त्या हातातलं काम टाकून जिना चढायच्या. आधी हाताची पालथी बाजू भिंतीला लावायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग नखाने थोडा रंग खरवडायचा, वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. निकाल ठरलेला असे: "खिडक्या उघडत जा." नवी सून असताना मला हे बघून हसू आवरायचं नाही. पुढे शिडी धरायचं काम माझ्याकडे आलं आणि हसू आपोआप आवरलं.

चष्मेवाली आमच्याकडे राहायला आली ती वडिलांना घेऊन. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून आमच्या घरात तिचं हेच नाव पडलं. वडील शिंपी. हात थरथरायला लागल्यावर मशीन सोडलेलं, पण टापटीप सोडलेली नव्हती. कुठे जायचं नसलं तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून तयार असायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी बाही चिमटीत धरली.

"ही कोणी शिवली?"

"तयार घेतलीय."

"तरीच," म्हणाले. मला राग आला, पण बाही काखेत काचत होती हेही खरं.

खोली बघायला आलेली माणसं पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, हे विचारतात. चष्मेवालीने एवढंच विचारलं, "काकू, खोली सोडायला सांगायची झाली, तर जरा आधी सांगाल ना?"

"अगं, आधी राहा तर खरी!" सासूबाई म्हणाल्या.

पहिली तक्रार घेऊन ती खाली आली तेव्हा दारातच उभी राहिली. आतल्या खोलीत कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत, वडिलांना खोकला आहे, जमलं तर बघाल का, पण उद्या सकाळी या, मी घरी असताना. सासूबाई सकाळी गेल्या. खोली लख्ख, फिनेलचा वास, खिडकीला कडी. हात लावला, खरवडलं, हुंगलं आणि निकाल दिला. चष्मेवालीने मान डोलावली. सासूबाईंनी ब्लीचच्या पाण्याने कोपरा पुसून घेतला, वर रंगाचा हात मारला.

थोड्या दिवसांत ये रे माझ्या मागल्या. ठिपके परत आले आणि या वेळी सगेसोयरे घेऊन आले. मग प्लंबर झाला. त्याने पाइप ठोकून बघितला, तो ठणठणीत कोरडा. गच्चीच्या भेगा बुजवून झाल्या. बुरशी आपली कोपऱ्यातून खिडकीकडे निघालेली. वरून म्हाताऱ्याचा खोकला खाली आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा, आणि तो ऐकला की सासूबाईंचा हातातला चमचा थांबायचा.

माझ्या नवऱ्याचा मात्र संयम सुटला. "आई, अजून किती पैसे घालणार आहेस त्या खोलीत? त्यांना दुसरी बघायला सांग. स्वतःहून गेले तर सुंठीवाचून खोकला गेला."

"गवंड्याला बोलावलंय, त्याला बघू दे. मग सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मला वाटलं, आता चष्मेवालीचं बिऱ्हाड हलणार. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं, कारण शिडी जड होती.

दिलेल्या दिवशी गवंडी येत नाही हे जगजाहीर आहे. पण आदल्या दिवशी उगवलेला हा मी पाहिलेला पहिलाच. भर दुपारी आला. चष्मेवाली दुकानात. एरवी भाडेकरूच्या गैरहजेरीत सासूबाई कधी वरच्या दाराला हात लावत नसत, पण त्या दिवशी गवंड्याला परत पाठवला तर पुन्हा कधी दिसेल याची खात्री नव्हती. त्यांनी कडी वाजवली. म्हातारबुवांना माणसांची आवड, त्यांनी दार सताड उघडलं.

आतल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या होत्या. त्यांवर ओल्या चादरी, दुपटी, पायजमे. खाली पेपर अंथरलेले, त्यांवर पाणी टपकत होतं. खिडकी बंद, वर पडदा, पडद्याला पिना. त्या सगळ्याच्या मध्ये खुर्चीवर म्हातारबुवा पुन्हा जाऊन बसले, इस्त्रीच्या शर्टात.

"पोरगी म्हणते खिडकी उघडू नका, खालून दिसतं," ते म्हणाले. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागले. "रात्री मला कळत नाही हो. आधीच्या ठिकाणी चादरी गच्चीत घालत होती ती. रोज चादर का धुता, कोणाची धुता, विचारायला लागले लोक. मग वास येतो म्हणाले. मग खोली सोडा म्हणाले. माझ्यामुळे गेली ती खोली. आता हीपण गेली तर ती मला घेऊन कुठं जाईल?"

गवंडी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेरून भिंत बघा जा." तो गेला. सासूबाईंनी जवळच्या चादरीचा काठ हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला.

"कापड छान आहे. कुठं घेतलंत?"

म्हातारबुवांची मान वर आली. "जुनं आहे. आता असं मिळत नाही. हे बघा, वीण बघा." आणि ते विणीबद्दल बोलत राहिले. सासूबाई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मी उगाचच शिडी या हातातून त्या हातात घेत होते.

जिन्यात गवंडी म्हणाला, "बाई, भिंत चांगली आहे. बंद खोलीत रोज एवढं ओलं वाळवलं तर दुसरं काय होणार? त्या बाईला सांगा..."

"मी बघते काय सांगायचं ते. तुम्ही काही पाहिलं नाहीत."

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला गवंडी?"

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "आपल्याच भिंतीत दोष आहे म्हणाला. बांधतानाच राहिलाय."

माझा घास हातात राहिला. सासऱ्यांच्या भिंतीवर त्यांनी उभ्या जन्मात शिंतोडा उडू दिला नव्हता. सख्ख्या भावाने एकदा "जरा पोपडे आलेत" म्हटलं, तर त्याच्याशी त्या पुढची कितीतरी वर्षं तुटक बोलत. नवऱ्याने ताटात डोकं घातलं. बांधकाम वडिलांचं, बोलणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाईंनी कपाटातल्या सगळ्या चादरी बाहेर काढलेल्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, कोऱ्या करकरीत. एकेक बादलीत बुडवत होत्या.

"अहो आई, या स्वच्छ आहेत!"

"दिसतंय मला. पीळ ती."

आम्ही दोघींनी त्या गच्चीत नेऊन वाळत घातल्या. गच्ची पांढरीशुभ्र झाली. माझे दंड भरून आले होते आणि डोकंही तापलं होतं. "काय चाललंय हे?" मी विचारलं.

"एक चादर असली की लोक विचारतात, कोणाची, का धुतली," त्या चिमटा लावत म्हणाल्या. "दहा असल्या की म्हणतात, म्हातारीला स्वच्छतेचं वेड लागलंय. म्हणू देत."

चष्मेवाली कामावर निघाली तेव्हा सासूबाई तिला जिन्यात आडव्या गेल्या. "हे बघ, मी आता रोज चादरी धुणार आहे. वय झालं की खूळ लागतं एकेकाला. दोरी एवढी मोठी बांधलीय आणि मधली जागा मोकळी राहते. तुझं काही असलं तर मधोमध टाकत जा. ऊन फुकट जातं."

ती पायरीवरच थांबली. गच्चीच्या दाराकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. पुढे होऊन सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या रुमालाने पुसला, काडी जरा वाकवून नीट केली आणि परत त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. मग भराभर जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या पांढऱ्या चादरींच्या मधोमध एक निळी चादर होती.

खिडकी उघडली. बुरशी एकदा पुसली ती गेली, खोकलाही उतरला. शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या सासूबाईंना काय झालंय हो?" मी म्हणायचे, "विचारू नका." म्हातारबुवा गच्चीत उन्हाला येऊन बसायला लागले. आमच्या चादरींचे काठ उसवलेत असं त्यांच्या लक्षात आलं, मग सुईदोरा घेऊन ते एकेक काठ दुमडून शिवत बसायचे. हात थरथरायचा, टाके नागमोडी पडायचे. सासूबाई म्हणायच्या, "असे टाके आता कोण घालतं!" आणि ते फुशारून जायचे.

म्हातारबुवा वारले ते आमच्याच वरच्या खोलीत, आपल्या अंथरुणात. नंतर चष्मेवाली दुसऱ्या गावच्या दुकानात कामाला गेली. चादरींचं खूळही सुटलं. सासूबाई थकल्या, जिना बंद झाला, भाडेकरूंच्या तक्रारी माझ्याकडे आल्या. मीही आता पालथा हात लावते आणि "खिडक्या उघडत जा" म्हणते.

परवा सासूबाईंच्या खोलीत औषध द्यायला गेले आणि खिडकीच्या वर माझं लक्ष गेलं. काळे ठिपके. कोपऱ्यात दाट, पुढे विरळ.

"अहो आई, हे कधी आलं?"

"पाइप फुटला असेल," त्या भिंतीकडे न बघता म्हणाल्या. "त्या प्लंबरला बोलाव."

या बाईने? पाइप? मी पालथा हात भिंतीला लावला. खिडकीला आतून कडी होती. पलंगामागे खुर्चीच्या पाठीवर काहीतरी ओलं टाकून त्यावर शाल पांघरलेली होती. मला सगळं कळलं. त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण ते त्यांना मुळीच आवडलं नसतं.

"बोलावते," मी म्हटलं.

सकाळी मी कपाट उघडलं. सगळ्या चादरी काढल्या आणि बादलीत बुडवायला लागले. नवरा दारात येऊन बघत राहिला. "या तर धुतलेल्या आहेत ना?"

"पीळ ती," मी म्हटलं.

सासूबाई भिंतीला धरत धरत मोरीच्या दारापर्यंत आल्या. बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तशाच वळून खोलीत गेल्या आणि काखेत एक बोचकं घेऊन आल्या. त्यातून लोंबणाऱ्या काठावर नागमोडी टाके होते.

"हीपण टाक," त्या म्हणाल्या. "मधोमध टाक हं."