चिंबोरीच्या घराची शपथ

मला अभिनय येतो, हा माझा जुना गैरसमज. नव्वदच्या दशकात पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी पहिली-दुसरीला शिकवायचो, तेव्हा तो ऐन भरात होता. त्यात रोह्याच्या प्रशिक्षणात मला पर्यावरणाच्या चित्रपुस्तकांचा गठ्ठा मिळाला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात तसं. फक्त कोलीत सरकारी, गुळगुळीत कागदाचं.

त्यात एक खेकड्याचं पुस्तक होतं. खेकडा बीळ खणतो, एक मुलगा ते बुजवतो, खेकडा आत अडकून रडतो (रडता यावं म्हणून चित्रकाराने त्याला पापण्यासुद्धा काढल्या होत्या), मग मुलगा बीळ उकरून देतो आणि सगळे नाचतात. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत, 'कुणाचंही घर मोडू नये.' यात वाईट काय? मलाही काही दिसलं नाही. मी रोह्याकडचा, भात कापून त्याच जमिनीत वाल टाकणाऱ्यांतला. आमच्याकडे खेकडा भेटतो तो ओढ्यात, नाहीतर कालवणात.

तर मी वर्गात आडवा चालून दाखवलं. फळ्यापासून दारापर्यंत, दोन्ही हातांच्या नांग्या करून. दाराशी पँट उसवली. मुलं हसून लोळली. तिथेच थांबलो असतो तर नुसता विदूषक ठरलो असतो. पण मला पडली संस्कारांची हौस. सगळ्यांना उभं केलं, हात पुढे करायला लावले आणि शपथ दिली : मी कोणत्याही प्राण्याचं घर बुजवणार नाही.

सगळ्यांत मोठा आवाज दुसरीतल्या एका मुलीचा. पाठ्यपुस्तकापुढे मुकी होणारी ही पोरगी खेकड्याच्या पुस्तकावर वाचायला शिकली होती. घरात वाचणारी ती पहिलीच. तिचा बाप पावसाळ्यात आपल्या भातात राबायचा आणि पाऊस सरला की मिठागरावर. एकदा रस्त्यात थांबवून मला म्हणाला, "गुरुजी, पोरगी दुकानाच्या पाट्या वाचते. आता हिला शिकवायचीच." मी त्यावर असा मान डोलावत राहिलो, जणू पाट्या मीच रंगवल्या होत्या.

आता गावाची रीत सांगायला हवी. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांबलचक बांध असतो. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात घरागणिक वाटा ठरलेला. चिंबोऱ्या, म्हणजे आमच्या ओढ्यातल्या खेकड्यांच्या थोरल्या बहिणी, त्या बांधाला भोकं पाडतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी ज्याने त्याने आपल्या वाट्यातली भोकं चिखलाने ठासून बुजवायची. हे काम पोरांचं, कारण त्यांचे हात बारीक. हे मला कळलं ते नंतर. तोवर बाहेरकाठ्यावर मी जायचो तो संध्याकाळी हवा खायला.

पिठोरी अमावस्या आली. गणपती तोंडावर, त्यामुळे मुलीची आई मूर्ती रंगवायला हमरापूरच्या कारखान्यात मुक्कामाला. बाप तापाने अंथरुणात. त्याने पडल्या पडल्या विचारलं, "भोका बुजवलीस गो?" पोरगी म्हणाली, "व्हय."

दुपारच्या भरतीला नेमकी तिच्या वाट्यात खांड पडली. बांध फुटून वाहून गेला आणि खाडी भातात शिरली. पहिलं शेत त्यांचंच. गावाने मिळून खांड बांधली तोवर गुडघ्याएवढं आलेलं भात पाण्याखाली गेलं होतं. पुढे ते पिवळं पडून जळालं. एकदा खारं झालेलं शेत पुढची काही वर्षं धड पिकत नाही, हेही मला नंतरच कळलं.

आई हमरापूरहून आली ती थेट शाळेत. हाताला सोनेरी रंग तसाच. मागे निम्मं गाव. तिने पोरीला माझ्यासमोर उभं केलं.

"सांग गो, का नाय बुजवलीस?"

"शपत घेतली व्हती."

"कोनी घातली?"

पोरीने माझं नाव घेतलं नाही. बाकीच्या मुलांनी मात्र कविता म्हणावी तसं एका सुरात म्हटलं, "गुरुजींनी!"

"गुरुजी, चिंबोरीच्या घराची लय कालजी तुमाला," ती बाई म्हणाली. "आता सांगा, वरीसभर आमी खावाचा काय? पुस्तक?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "खाडीला पन शिकवा ना गुरुजी. तिला सांगा, कुनाचा घर मोडू नको."

लोक हसले. मीही हसलो, खोडच आहे ती. मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ते हसू कुठे ठेवावं कळेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पुस्तकातल्या मुलाच्या गावाला बांध नव्हता." वाक्य अगदी खरं होतं. त्याने कुणाचं पोट भरणार नव्हतं, एवढंच.

मुलगी शाळेत यायची बंद झाली. निरोप पाठवला, तर बापाचं उत्तर आलं, "हिची शाला आता बाहेरकाठ्यावर."

दिवाळीआधी रोह्याला पुन्हा बोलावणं आलं. पुस्तकं वापरून काय झालं, ते सांगायचं होतं. खेकडा दाखवायचा तर आमच्या खारेपाटातला, म्हणजे या खाडीकाठच्या पट्ट्यातला, बांधही दाखवा, नाहीतर ही पुस्तकं तिथे पाठवू नका, असं ठणकावून सांगायचं ठरवून मी निघालो. कोलाडच्या नाक्यावर चहा पिता पिता वाक्यंही जुळवली. पण उभा राहिलो, समोर भरलेल्या खुर्च्या दिसल्या आणि अंगातला नट उठून बसला. मी आडवा चाललो. उसवलेली पँट सांगितली. म्हाताऱ्याचं बोलणं तर हुबेहूब त्याच्या आवाजात. लोक पोट धरून हसले. बुडालेलं शेत मी गाळलं नव्हतं, पण तेही असं रंगवलं की गोष्टीतलंच वाटलं असणार.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "वा गुरुजी! म्हणजे मुलांच्या वागण्यात बदल झाला. हेच तर हवं होतं आपल्याला!"

टाळ्या पडल्या. मी नमस्कार करून खाली बसलो. जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली आणि परत येताना मांडीवर पुस्तकांचा आणखी एक गठ्ठा.

सुट्टी संपल्यावर मुलीच्या घरी गेलो. बापाच्या हातापाया पडलो, असं लिहायला बरं दिसेल. खरं म्हणजे ओटीवर जाऊन बसलो आणि उठलोच नाही. त्याला मिठागरावर जायचं होतं. शेवटी कंटाळून म्हणाला, "धाडतो. पन शपत-बिपत नाय."

ती आली, मागे भिंतीला टेकून बसली. मी नव्या गठ्ठ्यातलं झाडाचं पुस्तक काढलं. मुलं सरकत सरकत पुढे आली, ती हलली नाही. मी तिला जवळ बोलावलं, पहिलं पान वाचायला दिलं. तिने ते न अडखळता वाचलं. मग पानावर तळहात ठेवून विचारलं,

"गुरुजी, यातला करायचा, का निस्ता बघायचा?"

बोलायची वेळ आली की मी कधी कमी पडलो नव्हतो.

"नुसतं बघायचं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पान उलटलं.