रेंजवरच्या काकू

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालच्या सुमारास टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या शूटिंग रेंजवर एक मराठी काकू भेटायच्या. टोपीखाली ठसठशीत कुंकू, बोलणं संथ. एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाताना मी पिस्तूल झपकन फिरवायचो आणि नेम पुढे निघून जायचा.

"आधी नजर ने रे," त्या म्हणायच्या, "हात येतो मागून."

एका मॅचमध्ये त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटच्या टार्गेटकडे वळताना, शेजारी टायमर धरून उभे असलेले म्हातारे टेक्सन पंच उन्हाने लटपटताना त्यांना दिसले. काकूंनी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, त्यांना सावलीत बसवलं, मानेवर ओला रुमाल धरला.

"मॅडम, तुमची मॅच गेली," ते इंग्रजीत पुटपुटले.

"गप्प बसा बघू जरा," काकू मराठीतच म्हणाल्या.

म्हातारबुवा निमूटपणे डोळे मिटून बसले.