ढग बाजूला होईपर्यंत

माझ्या मामाने बत्तीस वर्षं माणसांचे चौकोनी फोटो काढले. अर्जाला लावायचे, ओळखपत्रावर चिकटवायचे. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे. "हनुवटी खाली. हसू नका." या दोन वाक्यांवर त्याने अख्खा संसार केला. मी म्हणायचे, "मामा, तू सगळ्या गावाला रडकं करून ठेवलंस!" की तो मलाच स्टुलावर बसवायचा.

एकदा एक गिऱ्हाईक फोटो तयार होईपर्यंत बोलत बसलं. दूर डोंगरावर एक तळं आहे, सकाळी ढग खाली उतरतो आणि पाण्यावर बसून राहतो, असं काहीतरी. मामी फोटो कापत होती, तिने कात्री खाली ठेवली. तेव्हापासून दुपारच्या चहाबरोबर दोघं रोज त्या तळ्यावर जायची. बोलता बोलता वाट तयार झाली. आधी झाडी, मग ओढा, मग अंगावर येणारा चढ. मामी ओढ्यात पाय सोडून बसायची आणि मामाने कितीही घाई केली तरी उठायची नाही. मधेच गिऱ्हाईक आलं की दोघं धावतपळत खाली यायची.

खरंखुरं जाणं मात्र राहूनच गेलं. आज दुकान, उद्या दुकान. दुकान बंद केलं त्याच वर्षी मामीच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, घरचा जिना चढलात तरी पुष्कळ. मामी म्हणाली, "मग तुम्ही जा. मला तेवढा तो ढग दाखवा." मामाला ते फार लागलं. एक आठवडा कुलूप लावलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं, असं तो मला दोनदा म्हणाला.

दुकानातला कॅमेरा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, तो डोंगरावर कोण नेणार? मग आम्ही तिघं छोटा कॅमेरा घ्यायला गेलो. विक्रेता उत्साही होता. हा पाण्यात पडला तरी चालतो, हा लांबचं जवळ आणतो, याचा पडदा उन्हातही दिसतो. मामाने प्रत्येक कॅमेरा उभा धरून मामीचाच चेहरा टिपला. "हनुवटी खाली." मामी वैतागली. "अहो, मी नाही चढणार तिथं, तळं बघा!" शेवटी निवड तिनेच केली. शर्टाच्या खिशात मावणारा, पावसाला न घाबरणारा, आणि समोरचं सगळं एकदम आत घेणारा. तो मुठीत धरून ती दाराबाहेर दूर कुठेतरी बघू लागली. मला वाटलं, ती ओढ्यापर्यंत पोचलीसुद्धा.

चौथ्या दिवशी मामा परतला, नाक सोललेलं, चेहरा उजळलेला. मामी कॉटवर उशीला टेकून बसली आणि एकेक फोटो पाहू लागली. चाळीस फोटो. तळं बरोबर मधोमध, चारी बाजूंना सारखी जागा, कुठे सावलीचा ठिपका नाही. अर्जाला लावावं असं तळं.

"अहो, आणि ढग?"

"होता ना. पाण्यावरच बसला होता, सगळं झाकून. दोन तास थांबलो. बाजूला झाला तेव्हा कुठे स्वच्छ..."

बोलता बोलताच त्याला कळलं. मला इतका राग आला, की उठून खिडकीशी गेले. बत्तीस वर्षं चेहऱ्यावर आलेली बट बाजूला करायला लावणारा माणूस, दुसरं काय करणार होता? मामा स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

मामी बटण दाबत राहिली. सगळ्यांत शेवटी एक फोटो निघाला. पोचल्या पोचल्या उजेडाचा अंदाज घ्यायला त्याने स्वतःचाच काढलेला. तिरका, केस विस्कटलेले, मागे नुसतं ओलं पांढरं, आणि मामाचे डोळे मिटलेले.

"तो वाया गेलाय. पूस तो," म्हणत मामाने हात पुढे केला.

मामीने कॅमेरा छातीशी धरला.

"राहू द्या. तिथं पोचल्यावर मीही डोळेच मिटले असते."