आईच्या आवाजाला बटण

आई डोक्यावर पाटा-वरवंटा घेऊन गल्लोगल्ली ओरडत हिंडायची, तेव्हा लोक धाडकन दारं लावून घ्यायचे. आता आमचे पाटे ऑनलाइन विकले जातात. गिऱ्हाइकानं 'विक्रेत्याशी बोला' हे बटण दाबलं, की आईचा फोन वाजतो. मध्यंतरी त्या ऑनलाइन कंपनीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, फोन तुम्हीच घेत जा. आईंची भाषा जरा..."

माझं डोकंच फिरलं. घरातली पहिली पदवी मी आईला गप्प करायला मिळवली का? कुणाचा आवाज कानाला चालतो, हे ठरवणारे हे कोण? "नंबर बदलायचा नाही," मी ठणकावलं.

तेवढ्यात फोन वाजला. "आगं बाई, नव्या पाट्यावर पयलं मूठभर तांदूळ वाटून टाकून दे," आई सांगत होती, "मंग चटणीत कच यायची न्हाई."

त्या बाईनं पाटा घेतला. आमच्या दुकानाचा फोन आजही आईच घेते.